शेलारवस्ती, विनंती थांबा

गहिनीनाथ कंडक्टर रिटायर झाला, पण त्याच्या अंगातली एसटी काही रिटायर झाली नाही. घरात पंगत बसली तरी म्हणायचा, "पुढं सरका, मागं जागा हाय." अशा माणसानं धरणाच्या फुगवट्यावर सहलीची होडी चालवायचं काढल्यावर आळीनं हसून घ्यायचं ठरवलं, आणि त्यानंही हसायला कारण कमी पडू दिलं नाही.

होडी भिमाजीची, मासेमारीची; वल्हवणारही तोच. माशांचा वास जाईस्तोवर आठ दिवस धुतली. बेत सगळा गहिनीनाथाचा. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला लांबून लोक येतात आणि काठावरून माना ताणून परत जातात. त्यांना पाण्यातून फिरवायचं. लाइफ जॅकेट नाही त्याला प्रवेश नाही. होडीभर दोरी, दोरीला घंटी. एक टोला थांबा, दोन टोले चला.

"मास्तर, मी चार हातांवर बसतो. तोंडानं सांगा की," भिमाजी म्हणाला.

"तोंडानं सांगितलेलं डायवर ऐकत न्हाई. तीस वर्षं बघितलंय."

चाचणीच्या दिवशी तो सवयीनं "पुढं सरका" म्हणाला. होडीतले पाचही जण गुमान सरकले आणि होडीनं नाक पाण्यात खुपसलं. तेव्हापासून ते वाक्य बंद.

पहिली फेरी बचत गटाच्या बायकांची ठरली होती. पण गटातल्या बनुबाईनं निरोप धाडला, "मुक्ताबाई बसली तर आमी बसू. घरचीच बसंना, मंग आमी का जीव द्यावा?" आणि मुक्ताबाई, म्हणजे गहिनीनाथ मास्तरांची मालकीण, काही केल्या बसेना.

दुखणं जुनं होतं. तिचं माहेर शेलारवस्ती. नवऱ्याची गाडी रोज वस्तीच्या फाट्यावरून जायची, पण तिथं थांबा नव्हता. दुसरे कंडक्टर नातं बघून घंटी मारत; हा नियमाचा पुतळा. ती बिचारी पुढच्या गावात उतरून, पोर कडेवर घेऊन मागं चालत यायची. "तुमच्या गाडीत बसायची न्हाई," ती म्हणायची, "मंग ती डांबरावरची असू नायतर पान्यातली."

फेरीच्या आदल्या दिवशी गहिनीनाथ ओट्यावर थांब्यांची पाटी रंगवत होता. रोहित पक्षी. बुडालेल्या जुन्या देवळाचा कळस.

"कळसापाशी कोन उतरनार, पानकोंबडी?" ज्वारी पाखडता पाखडता मुक्ताबाईनं विचारलं.

त्यानं ब्रश रंगात बुडवला. शेवटची ओळ लिहिली: शेलारवस्ती. पुढं बारीक अक्षरात, विनंती थांबा.

सूप थांबलं. "म्हंजी काय?"

"कुनी इनंती केली तर थांबायचं."

"आन न्हाई केली तर?"

"न्हाई थांबायचं. नियम हाय."

"मेला तुमचा नियम," ती म्हणाली. पण सकाळी काठावर सगळ्यांच्या आधी तीच उभी होती, हातात पिशवी घेऊन.

होडी निघाली. पक्षी झाले, कळस झाला. पलीकडच्या काठावर शेलारवस्तीची चिंच दिसायला लागली. मुक्ताबाई दोरीजवळच बसलेली, तोंडातून अक्षर नाही. चिंच समोर आली. चिंच मागं पडायला लागली. बायका श्वास रोखून बघत होत्या. गहिनीनाथानं दोरीकडं हात नेला आणि मागं घेतला. विनंतीवाचून घंटी मारायची कशी?

शेवटी तो वाकून म्हणाला, "मुक्ते, इनंती कर की गं."

"तुमीच करताय की," ती म्हणाली आणि दोरी ओढली. टण्ण.

परतीला एक जागा रिकामी आली. मुक्ताबाई चार दिवस माहेरी राहिली. मास्तर रोज सकाळी होडी घेऊन चिंचेपाशी थांबत होते, विनंती करायला.