हवेत राहिलेली थप्पड

शिवणवाल्या काकूंचा आणि काकांचा संसार टिकला तो जाहिरातींमुळे, यात शंकाच नको. रोज मालिका लागायची, मध्ये जाहिराती यायच्या आणि तेवढ्यात काकू भांडण उरकून घ्यायच्या. भांडण कायम एकच. "अहो, माझ्या कापडाच्या कात्रीची धार कुणी घालवली?" आता शिवणाऱ्या बाईची कात्री काय चीज असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने मध्ये बोलूच नये! त्या कात्रीने कुणी कागद कापला तरी काकूंचा तिळपापड व्हायचा, आणि इथे तर ती पार बोथट. काका घसा खाकरायचे, चष्मा पुसायचे, "त्याचं काय झालं..." म्हणायचे आणि लगेच ओरडायचे, "अगं, लागली, लागली!" की सुटले. वर्षानुवर्षं हा माणूस असाच सुटत आला.

मग सुनेने नवा टीव्ही आणला. वाटेल तेव्हा वाटेल ते बघा, जाहिरातींची कटकट नाही. काका खूश. काकूंची मात्र पंचाईत, भांडायचं कधी? शेवटी सुनेने त्यांना रिमोटवरचं थांबवायचं बटण दाखवलं आणि काकांचे ग्रह फिरले.

मालिकेतली सासू नायिकेच्या थोबाडीत मारणार, हात वर गेलेला, तोच काकूंनी बटण दाबलं.

"बोला. कात्री?"

काकांनी घसा खाकरला. चष्मा पुसला. आशेने पडद्याकडे पाहिलं. सासूचा हात हवेतच. दुसऱ्या दिवशीही हवेतच. गिऱ्हाईकं येऊन मापं देऊन गेली, धुतलेले कपडे वाळले, सासू आपली तशीच उभी.

सून कळवळली. "बाबा, बोला हो एकदाचं, तिचा हात भरून आला असेल!"

काका रडकुंडीला येऊन काकूंकडे वळले. "पत्रा कापला गं मी तिने. वाऱ्याने अँटेना मोडला होता, त्याला ठिगळ लावायला. तुझ्या आवडत्या मालिकेचा शेवटचा भाग होता त्या दिवशी. तू सकाळपासून तोंड पाडून बसलेलीस, मला बघवेना."

तो भाग बघून काकू पोटभर रडल्या होत्या, आणि चित्र कसं स्वच्छ दिसत होतं, तेही त्यांना आठवलं. डोळे भरून आले.

"अहो, मग इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"सांगणारच होतो गं! दरवेळी जाहिराती संपायच्या."

काकूंनी डोळे पुसले आणि बटण दाबलं. थप्पड एकदाची बसली. काका हुश्श करून मागे रेलले.

काकूंनी पुन्हा बटण दाबलं.

"बरं, आता माझी मापाची टेप."