कुंकवाचा चौकोन आणि हिरवा ठिपका

पाट्यावर चटणी वाटत होते, तेवढ्यात यांनी आतून हाक मारली. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते. दुरुस्तीला घरी आणलेल्या, विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या गोल पडद्यावर हिरवा ठिपका चमकत होता. माझ्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवून यांनी काचेवर चौकोन काढला. म्हणाले, "ही दोन बटणं फिरव. ठिपका आत ने, पण रेघेला लागू देऊ नकोस."

तिसऱ्या खेपेला मी जिंकले.

मंडळी, माझी नात इथेच व्हाइटफील्डच्या कंपनीत व्हिडिओ गेम बनवते. आज ती सांगत होती की त्याच सुमारास अमेरिकेत टीव्हीवर ठिपके खेळवणारं पहिलं यंत्र घडत होतं.

मी म्हटलं, "तेव्हा तुझे आजोबा आपल्या मल्लेश्वरमच्या घरी तेच खेळत होते."

"आज्जी, स्वल्प जास्तच होतंय हं."

शोध यांनी लावला असं मी म्हणत नाही. पण ठिपका कशाने सरकतो, ते मी तिला कागदावर काढून दाखवलं. ती म्हणाली, "तू तर चौथी शिकलेली. हे तुला कुणी शिकवलं?"

तिचं ते बोलणं ऐकायला आज हे हवे होते. यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

त्या सकाळी खेळून झाल्यावर मी यांना विचारलं होतं, ठिपका सरकतो कसा? म्हणाले, "तूच वाच आणि मला सांग."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून मी वाचनालयात गेले आणि विजेवरचं एक पुस्तक घरी आणलं.