दोन्ही हात जुळतात

"नमस्कार, बाई."

गिरणीचे वकील खुर्चीतून अर्धे उठले आणि छातीपाशी हात जोडून माझ्या मायला असे म्हणाले. कोठीवरच्या, म्हणजे जुन्या राजवाड्यातल्या सरकारी कचेरीत, कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या साहेबांसमोर. माय गोंधळली. मग तिने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला, त्याची आखडलेली बोटे डाव्या तळव्याने दाबून सरळ केली आणि नमस्कार केला. कळ मस्तकात गेली असावी. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

वकील तत्काळ साहेबांकडे वळले. मराठी संपली, हिंदी सुरू झाली.

"देख लीजिए साहब. दोनों हाथ बराबर जुड़ते हैं. हम देने से कब मुकरते हैं? पहले यह तो तय हो कि हानि कितनी है."

साहेबांनी मान हलवली. "फिर से डॉक्टरी जाँच. अगली तारीख."

मी तेव्हा शाळेत होते. मायला वाचता येत नव्हते, म्हणून ती मला बरोबर नेई. कचेरीच्या पायऱ्या उतरताना तिचा चेहरा उजळलेला होता.

"पाहिलंस का, पोरी? एवढा मोठा माणूस. पहिले नमस्ते त्यानं केलं. आपल्याला!"

'आपल्याला' या शब्दात सगळा खटला आहे. आम्ही खानदेशातून गिरणीच्या कामासाठी उज्जैनला आलेले महार. वकिलांचे पूर्वज दरबारी चाकरीसाठी कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. भाषा एक. पण माधव नगरातल्या त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी माय कधी उभी राहिली असती, तर तिला पाणी वरून ओतून मिळाले असते. तिच्या उभ्या आयुष्यात त्या घरांतल्या कोणी तिला आधी हात जोडले नव्हते. हे वकिलांना ठाऊक होते. तिला काय द्यावे म्हणजे ती काय परत करील, याचा त्यांचा हिशोब अचूक होता.

अपघाताची हकीकत थोडक्यात सांगते. सूत गुंडाळण्याच्या खात्यात यंत्राच्या दात्यांवरचे लोखंडी झाकण दुरुस्तीसाठी काढले होते आणि परत बसवलेच नव्हते. मायचा उजवा हात आत ओढला गेला. बोटे तुटली नाहीत. चेचली, जुळून आली आणि आत वळून कायमची आखडली. दाबून धरल्याखेरीज सरळ होत नसत. बाप आधीच वारलेला. गिरणीने तिला कामावरून कमी केले. ती देवास गेटच्या मोटार अड्ड्याबाहेर डाव्या हाताने भाजी विकू लागली.

बोटे तुटली नाहीत, हेच तिचे दुर्दैव ठरले. कायद्याला जोडलेल्या तक्त्यात तुटलेल्या अवयवांची हानी आधीच ठरवून दिलेली आहे. अंगठा गेला, इतकी. चार बोटे गेली, इतकी. पण अंगावर शिल्लक राहिलेला निकामी हात तक्त्यात बसत नाही. त्याचे मोल डॉक्टरांच्या मतावर ठरते. मत आले की त्यावर हरकत येते. हरकत आली की नवी तपासणी. जखम अजून स्थिर नाही, असे एकदा गिरणीच्या डॉक्टरांनी लिहिले. सरावाने बोटे मोकळी होतील, असे पुढच्या खेपेस. झाकण तिने स्वतःच काढले होते, असाही मुद्दा निघाला. तो टिकला नाही. पण तो टिकण्यासाठी मांडलेलाच नव्हता. वेळ खाण्यासाठी मांडला होता.

एकदा माय शांतपणे म्हणाली, "मंग कापूनच टाकते की. तक्त्यात तर बसंल."

दावा दाखल झाला तेव्हा नुकतेच संस्थान जाऊन मध्य भारत झाले होते. जुने कायदे आणि नवे कायदे, कोणते लागू, यावर पहिली तारीख गेली. साहेब बदलत राहिले. प्रत्येक नव्या साहेबासमोर माय नव्याने उभी राहिली. आणि प्रत्येक वेळी, कामकाज सुरू होण्याच्या जरा आधी, तोच मऊ आवाज.

"नमस्कार, बाई. तब्येत बरी ना?"

हात जुळत. "देख लीजिए साहब." तारीख पडे.

युनियनचे एक वयस्क कार्यकर्ते आमच्या बाजूने उभे राहत. भला माणूस. "बिटिया, धीरज रख. भगवान के घर देर है, अंधेर नहीं." माय भाजीची टोपली उचलता उचलता म्हणे, "भैयाजी, इथं तं देर बी आहे न अंधेर बी."

मी शिकत गेले. शिष्यवृत्ती मिळवली. कॉलेजात रसायनशास्त्र घेतले. वर्गात मुली दोन, आमच्या वस्तीतली मी एकटी. तिथे एक गोष्ट शिकले, ती प्रयोगशाळेपेक्षा कचेरीत अधिक उपयोगी पडली. एखादी क्रिया अनेक पायऱ्यांनी घडत असेल, तर तिचा वेग सर्वांत मंद पायरी ठरवते. बाकीच्या पायऱ्या कितीही वेगाने होवोत. मी मायच्या दाव्याच्या पायऱ्या मांडून पाहिल्या. अर्ज, साक्ष, डॉक्टर, साहेबांची बदली. सगळ्या मंद होत्या, पण पुढे सरकत होत्या. एकाच ठिकाणी गाडे पुन्हा आरंभाला येत होते. नमस्काराशी.

तरी मी खात्री नसताना आरोप करणारी नव्हे. खात्री फ्रीगंजच्या बाजारात झाली.

टावर चौकात संध्याकाळची गर्दी होती. माय आणि मी माझ्यासाठी शाई घ्यायला गेलो होतो. वकील पानाच्या दुकानासमोर दोन मित्रांसोबत हसत उभे होते. मायने त्यांना पाहिले. आपल्या ओळखीचा मोठा माणूस. तिने टोपली खाली ठेवली, बोटे दाबून सरळ केली आणि पुढे होऊन नमस्कार केला.

त्यांनी पाहिले. नजर तिच्यावरून, भिंतीवरून जावी तशी गेली. एक मित्र म्हणाला, "कौन है, भाई?"

"मिल की कोई होगी. इनको ज़रा मुँह लगाओ, तो सिर पर चढ़ती हैं."

मग ते पान घेऊन पाठमोरे झाले. माय जोडलेले हात तसेच धरून उभी होती. कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हते.

तीच बाई. तोच पुरुष. तोच नमस्कार. बदललेली गोष्ट एकच, समोर साहेब नव्हते. याहून स्वच्छ प्रयोग मी अजून केलेला नाही.

त्या क्षणी मला रडू आले नाही. माझ्या आत काहीतरी थंड झाले आणि तसेच राहिले. घरी आल्यावर मी मायला निष्कर्ष सांगितला. तिला तो पटायला वेळ लागला. पटल्यावर ती इतकेच म्हणाली, "म्हंजे मला माणूस म्हणून नाही केलं त्यानं."

"नाही."

"पुढच्या टायमाला हात खाली ठेवीन."

तिला ते जमले नाही. एकदा ठरवून गेली, तरी जमले नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाकवलेले शरीर एका निश्चयाने ताठ होत नाही. तो मऊ आवाज आला की डावा हात आपोआप उजव्याकडे जाई.

मग मध्य भारतही गेले. मध्य प्रदेश झाला. राजधानी दूर भोपाळला गेली, कागद कुठेकुठे फिरले, आणि कोठीवर पुन्हा एक नवे साहेब आले. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मायच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

वकिलांचे केस पिकले होते. आवाज तोच.

"नमस्कार, बाई. अरे वा, मुलगी केवढी झाली! कॉलेजात जाते म्हणे?"

मायचा डावा हात हलला. मी तो पकडला. घट्ट. माझी नखे तिच्या तळव्यात रुतली असतील.

उजवा हात मात्र सवयीने वर आला. एकटाच. छातीपाशी येऊन थांबला. चार बोटे आत वळलेली, अंगठा आडवा. तो हात जोडीदार शोधत हवेत तसाच राहिला. इतकी वर्षे डाव्या हाताने जे झाकले होते, ते कचेरीत पहिल्यांदा उघडे झाले.

मी म्हणाले, "साहब, अब देख लीजिए. जुड़ना बाएँ हाथ का काम था."

साहेब खुर्चीतून पुढे वाकले. वकिलांचे हात अजून जोडलेलेच होते. ते खाली घेत ते मराठीत, हसून म्हणाले, "बाळ, शिकलीस, पण आईला रीत नाही शिकवलीस. नमस्काराला उत्तर द्यायचं असतं."

"टावर चौकात तिनं केला होता. त्याचं उत्तर अजून यायचं आहे."

त्यांचे हसू गेले. हसू जाताना मी पाहिले, आणि मला आनंद झाला. तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

साहेबांनी हाताचे वर्णन लिहून घेतले आणि सरकारी डॉक्टरांकडून अखेरची तपासणी फर्मावली. आदेश मायच्या बाजूने झुकेल, असे युनियनचे भैयाजी म्हणाले. वकिलांनी उठून सांगितले की गिरणी वरच्या कोर्टात जाईल. म्हणजे पुन्हा नवे शहर, नवे साहेब. विलंब म्हणजे यंत्रणेचा आळस, असे मी पूर्वी समजत असे. तो एका पक्षाचा धंदा आहे. माय म्हातारी होते आहे. गिरणी म्हातारी होत नाही.

माझ्या प्राध्यापकांना वाटते की मी एम.एस्सी. करावे. मलाही तेच हवे होते. मी कायद्याच्या वर्गात नाव घातले आहे.

क्षमा करण्यासाठी हे लिहिलेले नाही. वकिलांना दीर्घायुष्य लाभो, हे मी मनापासून इच्छिते. अंगात काळा कोट घालून मी त्यांच्या समोरच्या खुर्चीशी पोहोचेपर्यंत त्यांनी जगले पाहिजे. गिरणीतली आणखी एखादी बाई माझ्या शेजारी बसलेली असेल. ते अर्धे उठतील, हात जोडतील, त्याच मऊ आवाजात म्हणतील, "नमस्कार."

सगळी कचेरी पाहत असेल. माझे दोन्ही हात धडधाकट आहेत.

मी ते जोडणार नाही.