धुवणाचा डबा

आधी करंगळी डब्यात बुडवायची, मग ती जिभेला लावायची आणि मगच पाणी पसंत करायचं, अशी आबांची रीत होती. डबा पत्र्याचा, तारेची कडी लावलेला. पाणी तांदूळ धुतल्याचं. रोज सकाळी ते चाळीतल्या एकेका दारात उभे राहायचे. "बाय गो, धुवण हा मां? मीठ पडूक नाय ना?"

नवीन लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा मला ते बघून शिसारी यायची. मग कळलं, मिठाचं पाणी झाडांना चालत नाही, आणि आमच्या चाळीतल्या बायकांवर आबांचा काडीचा विश्वास नाही.

आबा गिरणीतून निवृत्त झालेले, बायकामुलं मालवणकडे गावी. चाळीची मागची भिंत आणि गटार यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी भेंडी, लाल माठ आणि दुधीचा एक वेल लावला होता. नळाचं पाणी माणसांनाच पुरत नसे, ते झाडांना घालणं त्यांना पाप वाटे. म्हणून हे धुवण. त्यावरून त्यांना घराघराची खबरही लागायची. एखादीकडे डबा लवकर भरला की लगेच, "पावणे इले काय गो?"

मे महिन्यात अर्धी चाळ गावी जायची. झाडं तहानेनं माना टाकायची आणि नेमकं तेव्हाच धुवण आटायचं. उरलेल्या चार घरांवर आबांची सगळी मदार असे.

अशाच एका मे महिन्यात यांच्या कंपनीला टाळं लागलं. ही गोष्ट मी माहेरी कळवली नव्हती, शेजारीही नाही. हे रोज डबा घेऊन कामावर गेल्यासारखे बाहेर पडायचे आणि काम शोधत हिंडायचे. एके दिवशी तांदळाचा डबा रिकामा झाला. थोडं गव्हाचं पीठ तेवढं उरलं होतं. कोकणातल्या माणसाच्या घरी भात नाही, हे कुणाला सांगणार? तुम्हीच सांगा, सांगितलं असतंत तुम्ही?

दारात आबा उभे. "आज धुवण नाही" म्हटलं असतं तर शेजारच्या दारातून लगेच "का गं?" आलं असतं. मी पिंपातलं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर पीठ कालवलं आणि डब्यात ओतलं. आबांची करंगळी बुडाली, जिभेला लागली.

"बरा हा," एवढंच म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले ते ओंजळभर भेंडी आणि तांदळाची पिशवी घेऊन.

"गावसून तांदूळ इलेत. माका एकट्याक शिजवूक कंटाळो येता. तुझ्या टोपात शिजव आणि दुपारी वाटीभर भात माका दी."

मी फणकारले. "आमच्याकडे आहेत तांदूळ, आबा."

"आसतले गो. तुझे तुझ्याकडे रवांदेत. हे शिजव. माका धुवण व्हया, नायतर रोपां जळतली."

मी पिशवी घेतली. निवडायला बसले तर त्यात रेशनच्या दुकानातले पांढरे खडे. गावचा तांदूळ कसला नि काय! म्हणजे मी त्यांना फसवत होते आणि ते मला. त्या दिवशी निवडता निवडता मी मनसोक्त रडले.

त्यानंतर रोज आमच्याकडे भात शिजला. आबा वाटीभर न्यायचे, धुवण डब्यात घेऊन झाडांना घालायचे. पिशवी संपत आली की दुसरी यायची. आमच्या घरातली गोष्ट चाळीत कुणालाही कळली नाही.

पावसाच्या तोंडावर यांना विक्रोळीला एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. पहिल्या पगारातून आणलेले तांदूळ मी धुतले आणि ते धुवण आबांच्या डब्यात ओतलं. त्यांनी जिभेला लावून पाहिलं.

"आता माझो भात नको हां करू. माझो मी शिजवीन."

"आणि कंटाळा?"

"गेलो कंटाळो," म्हणाले आणि पुढच्या दाराशी गेले.

पुढे दोनेक वर्षांनी ते कायमचे गावी निघाले. ट्रंक रिक्षात ठेवून झाली होती. आता नाही बोलले तर राहूनच जाईल, म्हणून मी पुढे झाले. कितीतरी दिवस मनात जुळवलेलं वाक्य होतं. "आबा, त्या मे महिन्यात तुम्ही..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

"त्या मे महिन्यात भेंडी काय लागली होती गो!" ते म्हणाले. "सगळी तुझ्या धुवणान वाचली." आणि मी वाकायच्या आत त्यांनीच मला हात जोडले.