शिलाई मशीनचं तेल आणि मॅक्रो लेन्स

एकदा मी कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये शिलाई मशीनचं तेल घातलं होतं. फिरवताना ती अडकत होती, म्हणून! शिरूरला आमचा छोटा स्टुडिओ होता आणि तेवढ्यावर मी स्वतःला मोठी कारागीर समजत होते. ती मॅक्रो लेन्स, बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी. तेल काचेवर पसरलं आणि तिच्यातून सगळं धुरकट दिसायला लागलं.

नेमकी त्याच दिवशी एक बाई आली. तिच्या वारलेल्या नवऱ्याचा एकच फोटो होता, कुरकुंभच्या कंपनीच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. परवाच्या वर्षश्राद्धाला तो मोठा करून हवा होता. मी फुशारकीत हो म्हटलं आणि मग घरभर येरझाऱ्या घालत बसले. नवी लेन्स परवडणारी नव्हती. सकाळी कॅमेरा मांडीवर घेऊन एसटीनं दौंड गाठलं. तिथले एक म्हातारे फोटोग्राफर दुकान कायमचं बंद करत होते. त्यांची वापरलेली लेन्स मी लावून पाहिली, फिरवून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली, तरी मन धजेना.

"वहिनी, घ्या आता. फक्त हिला तेल पाजू नका," ते म्हणाले. आमच्या ह्यांनी फोनवर आधीच चुगली केली होती!

दुसऱ्या दिवशी बाईनं त्या लेन्सनं मोठा केलेला फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"मालकच ना?" मी विचारलं.

"व्हय, मालकच हायत. पर माझ्याकडं असं टक लावून कवा बघितलं न्हाई बघा त्यांनी."