पाण्याला सांगायचं स्वप्न

मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या जयवंत परबला एक खोड होती. समोरचा बोलायला लागला की त्याचं बोलणं संपायच्या आत हा त्याचा अर्थ लावून मोकळा. वर्गात ही खोड खपून जायची, मुलं तर तिला हुशारीच समजायची. घरात तिनेच घात केला.

लग्न होऊन सुगंधा कुडाळकडच्या गावातून मुलुंडच्या दोन खोल्यांत आली, तेव्हाची गोष्ट. पहाटे नळाला पाणी यायचं. जयवंत दात घासायला मोरीकडे गेला तर ही बाई नळ पुरता सोडून त्याच्यासमोर उकिडवी बसलेली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी सांगतेय. बादली भरून वाहत होती, तिला पत्ता नव्हता.

"वाईट स्वप्न पडलं की वाहत्या पाण्याला सांगायचं असतं," ती ओशाळून म्हणाली. "आमच्याकडे घरामागून व्हाळ वाहतो. इथे व्हाळ कुठून आणू?"

जयवंतला हसू आवरेना. "अगं, म्युनिसिपालटीच्या नळाला काय सांगतेस! मला सांग की. नवरा कशाला केलास मग?"

जयवंतची आई विमलाबाई स्टोव्हला पंप मारत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पाणी कोणाक जावन सांगणा नाय रे. म्हणान पाण्याक सांगूचा."

म्हातारीचं कोण ऐकतो! सुगंधाने नळ बंद केला आणि त्या दिवसापासून नळाच्या जागी नवरा आला. शिकलेला नवरा आपलं ऐकायला चहा घेऊन समोर बसतो, याचं तिला केवढं अप्रूप वाटलं.

स्वप्न एकच, पुन्हा पुन्हा पडायचं. माहेरच्या परसातली चिऱ्यांची विहीर. आतून एक पोर हाक मारते, "ताये, ताये." सुगंधा कळशीचा दोर खाली सोडते आणि तो पुरत नाही. पण दर खेपेला आदल्या खेपेपेक्षा थोडा जास्त खाली जातो. "आज हातभरच कमी पडला हो," असं कधी सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. दोर एक दिवस पोचणार, यावर तिचा जीव टांगलेला होता. हे तिने शब्दांत सांगितलं नव्हतं, पण कुणालाही दिसलं असतं.

जयवंतला दुसरंच दिसलं. फोर्टच्या फूटपाथवरून तो इंग्रजी पुस्तकं आणायचा. अणूच्या पोटात काय आहे, मनाच्या तळघरात काय आहे, यांवरची. शिवाय वडिलांच्या भजनाच्या नादात वाढलेला. या तिन्हींची गाठ कुठेतरी पडते, याची त्याला मनापासून ओढ होती. ते ढोंग नव्हतं. तो सुगंधाला म्हणाला, "विहीर म्हणजे आपलं खोल मन. आणि ती पोर म्हणजे तूच, तुझीच विसरलेली बाजू." सुगंधाने रिकामे कप उचलले. ती पोर कोण, हे त्याने एकदाही विचारलं नाही. उत्तर हातात असल्यावर प्रश्न कोण विचारतो?

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यानमाला झाली. मार्तंडकाका म्हणून बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ ती चालवायचे. त्यांनी जयवंतला गळ घातली आणि फळ्यावर विषय झळकला, 'अणू, अंतर्मन आणि आत्मा'. हॉल भरला. सुगंधा नवी साडी नेसून सासूबरोबर तिसऱ्या रांगेत बसली.

जयवंत बोलला मात्र झकास. "अणू फोडत तळाशी जा, तिथे घट्ट असं काही हाती लागत नाही. मनात उतरत तळाशी जा, तिथे 'माझं' असं काही उरत नाही. संत वेगळं काय सांगतात? आणि इलेक्ट्रॉनची तर गंमतच आहे. त्याच्यावर नजर ठेवली की तो वागणंच बदलतो. पाहणारा कधी बाजूला उभा नसतो." लोक माना डोलवत होते, पण थोडे पेंगतही होते. शिक्षकाला ते लगेच कळतं. तेव्हा त्याने हुकमी पान टाकलं. "माझ्या परिचयाच्या एका स्त्रीला एक स्वप्न पडतं..."

विहीर आली, दोर आला, हाकही आली. ती हाक त्याने आवाज बारीक करून मारून दाखवली. हॉल श्वास रोखून बसला. अर्थ सांगून झाल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत सुगंधा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. बाहेर पडताना शेजारच्या बाईने विचारलं, "तूच ना गं ती परिचयाची?"

घरी आल्यावर जयवंत म्हणाला, "तुझं नाव कुठे घेतलं मी?" ती म्हणाली, "नाही घेतलंत."

त्यानंतर चहाच्या वेळी स्वप्नाचा विषय बंद झाला. सुगंधाच्या डोळ्यांखाली काळं धरलं. भात करपायला लागला, दूध उतू जायला लागलं. जयवंत धास्तावला. स्वतःवर चिडला आणि तो राग तिच्यावरच काढला. एका रविवारी जेवताना म्हणाला, "हे काही खरं नाही. आपण मनाच्या डॉक्टरकडे जाऊ या."

सुगंधाने हातातला घास ताटात ठेवला. "त्याला काय सांगू? विहिरीभोवती आता खुर्च्या मांडल्यात म्हणून? लोक बसलेत. मी दोर शोधते, दोर नाही. ती आतून हाक मारते आणि हे लोक टाळ्या वाजवतात. मला तिचा आवाजच येत नाही हो आता."

 नजर ठेवली की वागणं बदलतं, हे जयवंतनेच हॉलमध्ये सांगितलं होतं. त्या वाक्याला दाद घेतली होती.

विमलाबाई ताटावरून उठली, खरकट्या हातानेच सुनेजवळ जाऊन बसली. "कोण गो ता पोर? नाव काय तेचा?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. सुगंधा म्हणाली, "मालन. माझी धाकटी बहीण." मग ते सगळं बाहेर आलं. आई शेतावर गेली होती, मालनला सांभाळायला हिला ठेवलं होतं. ही परसात ओवळीची फुलं वेचत बसली. हाक ऐकू आली होती. एवढी दोन फुलं वेचते नि जाते, असं मनाशी म्हणाली. गेली तोवर विहीर शांत झाली होती. स्थळ मोडेल म्हणून माहेरी कुणी त्या पोरीचं नाव काढलं नाही. हिनेही काढलं नाही. त्या हाकेशिवाय बहिणीचं काहीच तिच्याजवळ उरलं नव्हतं.

जयवंतने ती हाक हॉलमध्ये नक्कल करून दाखवली होती. ताटावर बसल्या बसल्या त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं नाहीत," सुगंधा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

पुढच्या महिन्यात मार्तंडकाका पेढे घेऊन आले. घाटकोपरहून व्याख्यानाचं बोलावणं होतं. "विहीर मात्र पाहिजेच हं, लोक तिच्यासाठीच येणार."

"ती विहीर माझी नव्हती, काका," जयवंत म्हणाला. "मी येत नाही."

काका हिरमुसले होऊन गेले. सुगंधा आतच होती, तिने सगळं ऐकलं असणार. निदान बाहेर येऊन आपल्याकडे बघेल, अशी जयवंतला वेडी आशा होती. ती पोळ्या लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. जयवंत दात घासायला गेला तर मोरीचं दार लोटलेलं आणि आत नळ पुरता सोडलेला. बादली भरून वाहत होती. सवयीने त्याचा हात दाराकडे गेला.

"ऱ्हवंदे," मागून आई म्हणाली. "तिचा बोलान होऊंदे."

तो ब्रश हातात धरून उभा राहिला. पाण्याच्या आवाजातून तिचा आवाज मधूनच वर यायचा आणि बुडायचा. कान देऊनही एक शब्द लागला नाही. मग पाणी बारीक झालं, नळ थांबला. दार उघडून सुगंधा बादली घेऊन बाहेर आली. डोळे ओले होते, तोंड नुकतंच धुतलेलं.

जयवंतला राहवलं नाही. "विहिरीवरचे लोक उठले का गं?"

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"सरका जरा," ती म्हणाली. "बादली जड आहे."