हिराबाईंचं नाक

“नाक कापावं लागेल,” सर म्हणाले आणि पुढच्या पेशंटचे रिपोर्ट बघू लागले.

हिराबाई उठल्या, पदर सावरला आणि सरळ ओपीडीबाहेर चालू लागल्या. मागे त्यांचा मुलगा, त्याच्यामागे मी. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मी तेव्हा प्लास्टिक सर्जरीत नवी होते. सर आमचे बॉस. ऑपरेशनमध्ये पट्टीचे, बोलण्यात कंजूष.

हिराबाई धायरीच्या. घरच्या शेतातली भाजी रस्त्याकडेला उन्हात बसून विकण्यात जन्म गेलेला. गोऱ्यापान होत्या, आणि अशा कातडीला ऊन जास्त बाधतं. डाव्या नाकपुडीवर फोड आला, फुटला, खपली धरली, पुन्हा फुटला. चमकीचं भोक पिकलंय, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. चमक्या बदलून झाल्या, हळद झाली, खोबरेल झालं. शेवटी आम्ही बायोप्सी केली, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासला. त्वचेचा कॅन्सर निघाला. ‘बेसल सेल’ नावाचा हा प्रकार सहसा दूर पसरत नाही, पण आहे तिथेच पोखरत जातो. बाई घरी गेल्या असत्या तर आधी नाक गेलं असतं, मग डोळा.

जिन्यात मी त्यांना गाठलं.

“कॅन्सर हाय, कळलं मला,” त्या म्हणाल्या. “पर भावकीनं इतका जोर लावला, तरी माझं नाक कुनाला कापता आलं न्हाय. आता तुमी कापनार व्हय?”

सर सर्जरीबद्दल बोलत होते, बाई अब्रूबद्दल. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. मी तिथेच पायरीवर बसले.

“मावशी, कापायचं नाही, नवं करायचंय. खराब भाग काढायचा आणि कपाळाची कातडी खाली वळवून तिथे बसवायची. आपल्याकडे फार जुन्या काळापासून करतात हे.”

“चमकी बसंल?”

“जखम चांगली मुरली की बघू. मी स्वतः टोचून देईन.”

“मग आधीच असं बोलायचं की.”

सरांना सांगितलं, तर म्हणाले, “अर्थ तोच आहे.”

“त्यांच्यासाठी नाही, सर.”

“बरं. बोलायचं तुम्ही, कापायचं मी.”

ऑपरेशनमध्ये खरी परीक्षा मार्जिनची असते. मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याची कड. ती स्वच्छ हवी. पहिल्या तपासणीत एका बाजूला कॅन्सर दिसला. सरांनी आणखी थोडं काढलं. पुन्हा तपासणी झाली आणि लॅबमधून फोन आला, “क्लिअर.” मला नाचावंसं वाटलं.

नवी कातडी जीव धरेपर्यंत कपाळाला जोडलेली ठेवतात. नाकावर सोंड लोंबते. वॉर्डात हिराबाई म्हणाल्या, “गनपती झालाय माझा, आरती करा.” पुढे सोंड काढली आणि खाली झकास नाक निघालं.

उन्हाचं मात्र भांडून पटवावं लागलं. सनस्क्रीन, लांब बाह्या, भाजीवर नव्हे, स्वतःवर मोठी छत्री.

वर्षभराने त्या तपासणीला आल्या, तेव्हा कानावर तसाच कॅन्सर असलेले एक गृहस्थ ऑपरेशनला नकार देऊन निघाले होते. हिराबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

“माझ्या नाकाचा नवा भाग कंचा, सांगा बघू.”

गृहस्थांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. “नाही बुवा ओळखू येत.”

“मग बसा गुमान.”

ते बसले. सर मला हळूच म्हणाले, “यांना नोकरीवर ठेवता येईल का?”

त्वचेचा हा कॅन्सर वेळेत काढला तर बरा होतो. फक्त पेशंट खुर्चीत बसलेला लागतो.